धूर दिसेना

उलानबातरच्या टेकडीवरच्या वस्तीत सकाळी कुणी कुणाची विचारपूस करत नाही. शेजारच्या लोकरी तंबूच्या धुराड्यातून धूर निघाला, की तिथलं माणूस थंडीतून तगलं असं समजायचं. एकोणीस वर्षं डेजिदची खुशाली अशीच कळत आली होती. एका हिवाळ्यात बर्फानं तिची सगळी मेंढरं मारली, तेव्हा सासूची लोखंडी चूल तेवढी घेऊन ती शहरात उतरली. त्या विस्तवावर तिनं कधी पाणी पडू दिलं नाही, कचरा टाकला नाही. चहाचा पहिला थेंब त्याचा.

आणि त्याच विस्तवानं उयांगाचा गळा धरला होता. पाच वर्षांची नात, लेकीची लेक. या थंडीत तिसऱ्यांदा न्यूमोनिया. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणखी कोळशाचा धूर हे पोर सोसणार नाही.

डेजिदनं विजेचा हीटर आणला. चूल मात्र तिनं विझवली नाही. कोळसा घालायचा थांबवला आणि शेवटचा निखारा राखेत बुडेपर्यंत समोर बसून राहिली, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशी.

दुसऱ्या सकाळी दार धाडकन उघडलं. पलीकडचा म्हातारा ट्रकवाला गोंबो. हातात पहार.

"अक्का, आहेस ना?"

"आहे. दार ठेवलंस का जागेवर?"

"धूर दिसेना. म्हटलं, गेलीस."

"मग पहार कशाला? मला उठवायला?"

तो ओशाळून बसला. तिनं त्याला सगळं सांगितलं. उयांगा खोकत होती. वारा पडला होता आणि तंबूच्या माथ्यावरच्या गोल झरोक्यातून काळसर काहीतरी आत उतरत होतं. इथली चूल थंड होती. तो धूर कुणाचा, हे दोघांनाही कळलं. डेजिदनं त्याच्यापुढे चहा ठेवला. सत्तरीच्या, गुडघे गेलेल्या माणसाला गारठून बस असं कोणत्या तोंडानं सांगणार? गोंबो चहा पिऊन गेला. पहार विसरला.

पुढच्या सकाळी त्याच्या धुराड्यातून धूर नव्हता. उयांगाला लेकीच्या हवाली करून, तीच पहार घेऊन डेजिद धावली.

दोन गोधड्या पांघरून, कोळसा रचून ठेवलेल्या चुलीसमोर गोंबो बसला होता. हातात काडेपेटी.

"काय रे, काड्या भिजल्या?"

"वारा सुटू दे, अक्का," तो म्हणाला. "मग पेटवतो."

पहार दाराशी टेकवून ती त्याच्या शेजारी बसली. दारातून कुंपणावरची निळी चिंधी दिसत होती. ती अजून हलत नव्हती.