घर शोधण्याचा तास

सातवीच्या वर्गात नवा मोठा पडदा बसवला, त्या आठवड्यात भूगोलाच्या तासाला मी उपग्रहाचा नकाशा लावला. आधी आमची शाळा दाखवली, मग म्हटलं, "चला, आता एकेकाचं घर शोधू." मुलं हरखून गेली. छप्पर सापडलं की टाळ्या पडत.

मनीषाची पाळी आली तेव्हा ती हळूच म्हणाली, "माझं नको, बाई."

"अगं, लाजतेस काय?" म्हणत मी हजेरीवहीतला तिचा पत्ता पाहिला आणि चित्र मोठं करत गेले. रस्ता आला, नाला आला, आणि नाल्याकाठी एक निळं प्लास्टिक दिसलं. ते उडू नये म्हणून त्यावर जुने टायर ठेवले होते. तिनं मैत्रिणींना पलीकडच्या कॉलनीतलं घर सांगितलं होतं, हे मला त्यांच्या कुजबुजीवरून कळलं. टाळी कुणीच वाजवली नाही. मी घाईघाईनं चित्र लहान केलं, थेट जिल्ह्याएवढं. पण सगळ्यांचं पाहून झालं होतं.

वरून कुणाच्याही दारात उतरणं किती सोपं असतं! चपला काढाव्या लागत नाहीत, ‘येऊ का’ म्हणून विचारावं लागत नाही. आणि तिनं तर मी न विचारताच नको म्हटलं होतं.

मधल्या सुट्टीत मी तिला व्हरांड्यात गाठलं. "चुकलं गं माझं," एवढंच मला म्हणता आलं.

"नाही बाई," ती खाली बघत, माझीच समजूत घातल्यासारखं म्हणाली, "नकाशा बरोबर होता."