लाल ठिपक्याची विहीर

अकोल्याच्या शाळेत मी ड्रॉइंग मास्तर. उरलेल्या वेळात फोटोग्राफर, आणि सरकारला गरज पडली की तक्ते काढणारा. कापसावरची कीड, खताचा खड्डा, गुरांचे रोग, असलं सगळं वाचता न येणाऱ्या माणसाला चित्रातून कळावं, हे माझं काम. तीन धंदे करून मान एकाचाही मिळाला नाही; पाठ मात्र तिन्हींनी मिळून मोडली.

त्या वर्षी पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, तक्ता हवा होता: कुठलं पाणी प्यावं, कुठलं नाही. चांदूर बाजारच्या पलीकडे बहिणीचं गाव. तिथल्या दोन विहिरींचे मी फोटो काढले. एक नाल्याकाठची, घाण पाणी झिरपणारी. दुसरी उंचावरची, कठडा बांधलेली, पण लांब. अमरावतीच्या कचेरीतल्या साहेबांनी नाल्याकाठच्या विहिरीवर ठसठशीत लाल ठिपका द्यायला सांगितला.

"साहेब, लाल नको," मी म्हटलं. "आमच्याकडे पूजलेल्या विहिरीला कुंकू लावतात."

"लाल म्हणजे धोका, मास्तर. रेल्वेचा सिग्नल पाहिला नाही?"

"रेल्वे किती जणांच्या दारावरून जाते? कुंकू घरोघर आहे."

साहेब हसले. मी पुन्हा गेलो, तर शिपायानं बाहेरच बसवून ठेवलं. तक्ते लाल ठिपक्यानिशी छापून गावोगाव गेले.

पटकी सुरू झाली, शाळेला सुटी पडली, तसा मी बहिणीकडे निघालो. वाटभर त्या ठिपक्याचीच धास्ती. पण उन्हातून बैलगाडीनं पोचेपर्यंत घशाला अशी कोरड पडली, की बहिणीनं दारातच पाण्याचा गडू पुढे केला आणि मी घटाघटा प्यालो. मग भान आलं.

"कुठल्या विहिरीचं गं?"

"नाल्यावरच्या. काहून? तुयाच फोटोत सरकारनं तिले कुंकू लावलं ना, दादा! आधी आमी उंचावरून आणत होतो, पाय तुटेस्तोवर. आता साऱ्या बाया इथूनच भरून राहिल्या."

तिच्या मागे भिंतीवर माझा तक्ता होता. त्याला हळद वाहिलेली. साहेबाचा असा संताप आला, की डोळ्यांत पाणीच आलं. तिच्यावर काय ओरडणार? तिनं तक्ता नीटच वाचला होता.

"पोरं?" मी विचारलं.

"सकाळपासून तेच पिऊन राहिले. काहून रे दादा, काय झालं?"

मी घागरीतलं पाणी भगोण्यात ओतलं, भगोणं चुलीवर चढवलं आणि तिच्याकडे न बघता फुंकणी घेऊन बसलो.