वरच्या मजल्यावरचा ॲम्प्लिफायर

स्वतःचं नुकसान व्हावं म्हणून जीव तोडून घासाघीस करणारा माणूस मी अख्ख्या कोलकात्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहत होता. म्हणजे बालीगंजच्या आमच्या इमारतीत, बरोबर वरच्या मजल्यावर. सरकारी बँकेत मोठा हुद्दा, पुण्याकडचं मऊ बोलणं, आणि कर्ज मागायला आलेल्या भल्याभल्यांना घाम फोडणारी नजर. पण समोर ॲम्प्लिफायर आला की हेच साहेब विकणाऱ्याच्या हातात आपणहून मान द्यायचे. मी विट्याकडचा. गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या कामात, मिसरूड फुटायच्या आधी इथे आलो, भट्टीपुढे बसलो आणि पुढे बऊबाजारात स्वतःचं दुकान मांडलं. आमच्याकडे मोडीचा दागिना समोर आला की पहिला शब्द नापसंतीचाच काढायचा असतो. ‘डाग फार आहे’, ‘घडण जुनी आहे’, असं काहीतरी. ज्याला वस्तू नको असते तो गप्प उठून जातो. जो नावं ठेवत बसतो त्यालाच ती हवी असते. पोरासोरांना कळणारी ही गोष्ट त्या शिकल्यासवरलेल्या माणसाला ठाऊक नव्हती, आणि त्यापायी त्यांनी माझ्यावर जो अन्याय केला तो मी अजून विसरलेलो नाही.

त्यांच्या घरात पाहुण्यांना बसायला जागा कमी आणि यंत्रांना जास्त. मला कुतूहल फार. एकाच कामाला इतके डबे कशाला, असं मी पहिल्याच रविवारी विचारलं. त्यावर त्यांनी मला शेजारी बसवून समजावलं, की तबकडीवरून उचललेला आवाज अगदी अशक्त असतो, त्याला आधी प्रीॲम्पमध्ये घ्यायचं, तिथे त्याला सांभाळायचं, आणि मग पॉवर ॲम्पच्या हवाली करायचं. तो त्याच्या अंगात स्पीकर हलवण्याइतकं बळ भरतो. “प्रीॲम्प म्हणजे बालवाडीतल्या बाई, शेठ, आणि पॉवर ॲम्प म्हणजे तालमीतला वस्ताद.” अडचण अशी, की त्यांच्या घरात या बाईंचं आणि वस्तादाचं कधी पटलंच नाही. नवा प्रीॲम्प आला की जुना पॉवर ॲम्प सुस्त वाटायचा. तो बदलला की प्रीॲम्प चिरका वाटायचा. तोही बदलला की दोघांना जोडणारी वायर हलकी ठरायची. एकदा वैतागून मी म्हणालो, “साहेब, मूस चांगली की भट्टी चांगली, हे बघायला आम्ही रोज दोन्ही बदलत नाही.” ते हसले. म्हणाले, “तुमचं सोनं शंभर नंबरी झालं की काम संपतं. आवाजाचं तसं नसतं हो.”

ऐकायची पद्धतही सगळी वेगळी. यंत्र आधी तासभर नुसतं तापत ठेवायचं; बायको चहाला बोलावतेय म्हणून तो तास आखूड व्हायचा नाही. मग पंखा बंद, कारण पंख्याची घरघर. वैशाखातल्या कोलकात्यात पंखा बंद करून, तापलेल्या ॲम्पसमोर, सदरे अंगाला चिकटलेल्या अवस्थेत आम्ही बसायचो, आणि साहेब डोळे मिटून विचारायचे, “गायिका कुठे बसली आहे, सांगा.” मला सुरुवातीला वाटायचं, उन्हानं असेल. पण त्यांचं म्हणणं, चांगल्या ॲम्पवर प्रत्येकाची जागा दिसली पाहिजे, बाई मधोमध, तबला उजवीकडे, तंबोरे मागे. “अजून ती कपाटाला खेटून बसलीय,” ते कष्टी होऊन म्हणायचे. त्यावर वहिनी आतून ओरडायच्या, “तिला म्हणावं तिथेच बसा, सोफ्याखालचा केर काढून होऊ दे!”

खरेदीला ते मला मुद्दाम सोबत न्यायचे, कारण माझी जीभ बाजारात गाजलेली. एकदा लोकलने शहराबाहेर बजबजला गेलो. तागाच्या गिरणीतून निवृत्त झालेले एक दादा जुना परदेशी प्रीॲम्प विकत होते. मी पोहोचल्यापासून तोंड वाकडं केलं, बटणं फिरवून नाक मुरडलं, मागची जाळी बघून ‘अरेरे’ म्हणालो, दोनदा दारापर्यंत जाऊन चपला घातल्या. दादा वितळत आले होते. शेवटचा आकडा त्यांनी खालच्या आवाजात उच्चारला, आणि माझे साहेब पुढे होऊन म्हणाले, “दादा, इतना कम मत बोलिए. चीज बहुत अच्छी है, आपका नुकसान हो जाएगा.” दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. परतीच्या लोकलमध्ये मी त्यांच्याशी बालीगंजपर्यंत बोललो नाही, आणि ते मांडीवरचा प्रीॲम्प थोपटत म्हणाले, “पण खरंच चांगला आहे हो, शेठ. मग खोटं कशाला बोलायचं?” विकतानाही तसंच. कुणी जुना ॲम्प घ्यायला आलं, की पाणी द्यायच्या आधी त्यातले दोष सांगायचे, एक एक, प्रेमाने, स्वतःच्या मुलाची खोडी सांगावी तसे.

एवढ्या ये-जा करणाऱ्या यंत्रांत एकच कधी हलला नाही. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, जुना, प्रचंड जड ॲम्प. चालू केला की नळ्या निखाऱ्यासारख्या लालसर व्हायच्या. मला आधी तेच आवडलं असेल. भट्टीचा माणूस मी. पण एका रविवारी त्यावर कुठलीशी जुनी तबकडी लागली होती, आणि बाईंनी सूर लावायच्या आधी घेतलेला श्वास मला ऐकू आला. श्वास! मी दचकून मागे वळून पाहिलं. उभा जन्म भट्टीच्या भात्याशेजारी गेलेला, माझे कान गेले असं घरात सगळे म्हणतात, टीव्हीचा आवाज मी वाढवतो म्हणून सुना कुरकुर करतात, आणि मला हे ऐकू येत होतं. साहेब डोळे मिटून होते, त्यांना काही कळलं नाही. मीही काही बोललो नाही. पण त्या दिवसापासून तो ॲम्प मला हवा होता. आयुष्यात सोन्याखेरीज एवढी हवीशी वाटलेली दुसरी वस्तू मला आठवत नाही.

मग साहेबांची बदली मुंबईला झाली. बँकेचा फ्लॅट लहान, आणि वहिनींनी निकाल देऊन टाकला, “एक यंत्र येईल. दुसरं आलं तर मी येणार नाही.” साहेबांनी लहान ॲम्प ठेवला, व्हॉल्व्हचा इथेच कुणा चांगल्या घरी द्यायचा ठरलं. मी त्याच संध्याकाळी वर गेलो. मनात धाकधूक, तोंडावर कंटाळा. ॲम्पभोवती एक फेरी मारली. “फार तापतो,” मी म्हणालो. साहेब म्हणाले, “हो, तापतो.” “खरखरतो मधूनच.” “कधी कधी.” “हा डबा आता कोण विचारणार? बाजारात नवीन काय काय आलंय.” यावर समोरच्याने म्हणायचं असतं, ‘बरं, तुम्ही काय देता ते बोला.’ साहेब काहीच म्हणाले नाहीत. नुसते नळ्यांवरची धूळ बोटाने पुसत राहिले. म्हणून मी शेवटचा डाव टाकला. “राहू द्या. मला काही नको,” म्हणून उठलो. जिना इतका सावकाश उतरलो की कामवाली दोनदा मला ओलांडून गेली. मागून हाक आली नाही.

दुसऱ्या दिवशी तो ॲम्प माझ्या दारावरून खाली गेला, प्रोफेसरबाबूंकडे. हे आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी म्हणे एकच गाणं ऐकलं, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “आहा! की अपूर्ब!” अहो, हा माणूस इलिश माशाच्या रश्शाला अपूर्ब म्हणतो, ढगाला अपूर्ब म्हणतो, गेल्या दुर्गापूजेत माझ्या नव्या स्कूटरलाही अपूर्ब म्हणाला होता. आणि साहेबांनी त्यांना तो फुकट दिला. फुकट! निरोप द्यायला मी खाली उतरलो, सामान टॅक्सीत चढवलं, वहिनींना नमस्कार केला, पण साहेबांशी धड बोललो नाही.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच विचारलं, “तो कसा आहे? वाजवतात ना?”

“वाजवतात. कधी त्यावर बातम्या लावतात.”

“अरेरे.”

“आणि तापू देत नाहीत. बटण दाबलं की लगेच गाणं. निम्मं गाणं आवाज आवळलेला असतो, मग कुठे मोकळा होतो.”

“शेठ, हे तुम्हाला कसं कळतं?”

“खिडकी उघडी असते त्यांची. माझीही असते.”

“पण तुम्हाला तर तो आवडला नव्हता. डबा म्हणालात. नको म्हणालात.”

“मग काय म्हणणार होतो?” माझा पारा चढला. “सौदा चालला होता ना आपला!”

“कसला सौदा?” त्यांनी इतक्या खऱ्या आश्चर्याने विचारलं की माझ्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. “अहो, मी तर तो तुम्हालाच द्यायचा म्हणून पुसत होतो. तुम्ही नाराज झालात, तेव्हा वाटलं, कशाला गळ्यात मारा.”

तेवढ्यात खाली प्रोफेसरबाबूंनी काहीतरी लावलं. मी फोन हातात धरून खिडकीशी गेलो आणि हात जमेल तितका बाहेर काढला. मधल्या वायरीचा दर्जा ठरवायला महिने घालवणारा तो माणूस मुंबईत बसून, बसचे हॉर्न आणि कावळे यांच्यामधून, असलं फुटकं गाणं ऐकत राहिला. त्याने फोन ठेवला नाही. माझा हात अवघडला होता, पण मीही तो आत घेतला नाही.