बिनशुल्काची ओळ

भावोजी आता माझ्याशी कामापुरतं बोलतात. ‘हे पान उलटं लागलंय,’ ‘शिवण ढिली आहे,’ एवढंच. त्यांचं काहीच चुकत नाही. आम्ही केसाने गळा कापला त्यांचा, आणि त्या ‘आम्ही’त मीही आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या छापखान्यात ते तेहतीस वर्षं मुद्रितं तपासताहेत. मी खालच्या मजल्यावर पुस्तकं बांधतो. ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणून माझे भावोजी. बाकी सगळा छापखाना त्यांना ‘तळटीप’ म्हणतो. कारण हा माणूस कुठलंही पान खालून वाचायला घेतो. आधी तळाची बारीक अक्षरं, मग वरचा मजकूर. औषधाच्या बाटलीवरचं, बसच्या तिकिटामागचं, जे कुणी कधी वाचत नाही ते हे भिंग लावून वाचणार. आम्ही यथेच्छ टिंगल करायचो. ते म्हणायचे, “लबाडी नेहमी बारीक टायपात असते रे.”

दोन वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी परदेशी शिकायला निघाली. तिच्यासाठी त्यांनी निवृत्ती तीन वर्षं पुढे ढकलली. आणि तिकडे पैसे काढायला सगळ्यात स्वस्त कार्ड कुठलं, हे शोधायला तीन आठवडे घेतले. पाच बँकांची माहितीपत्रकं टेबलावर मांडून, लाल पेन्सिल घेऊन बसले. एक कार्ड ‘काढणावळ शून्य’ म्हणून मिरवत होतं. तळाशी निघालं की चलन बदलताना साडेतीन टक्के कापणार. दुसऱ्यात आधी पैसे भरून ठेवायचे आणि सहा महिने हात लावला नाही तर दंड. शेवटी त्यांनी जी बँक निवडली तिचं पत्रक सगळ्यात कळकट होतं. परदेशात दर वेळी एक ठरावीक शुल्क, त्यावर टक्केवारी नाही.

“म्हणजे महिन्यातून एकदाच काढायचे, आणि एकदम काढायचे,” त्यांनी लेकीला बजावलं.

कार्डासोबत पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सात सूचना लिहून दिल्या. चौथी मला पाठ आहे: ‘मशीन विचारेल, हिशेब तुमच्या देशाच्या चलनात करू का? फार प्रेमाने विचारेल. नाही म्हणायचं.’ भाची हसत सुटली. “बाबा, मी शिकायला चाललेय की मशीनशी भांडायला?” पण पुठ्ठा तिने जपून पाकिटात ठेवला.

कार्ड भावोजींच्याच खात्यावरचं. दर महिन्याला कागदी उतारा यायचा. त्यात तिकडच्या चलनातून रुपयांत आलेला एक मोडकातोडका आकडा आणि त्याखाली शुल्काची ओळ. त्या ओळीपुढे भावोजी लाल खूण करायचे आणि म्हणायचे, “पोचले पैसे. जेवली असेल पोरगी.” त्यांच्या टेबलावर दुसरं घड्याळ आलं, तिच्या गावच्या वेळेचं. फोन आला की आधी त्याकडे बघून विचारायचे, “उठलीस का?”

दीड वर्षाने ती परत आली. अभ्यास झेपला नाही, परीक्षा दोनदा बुडाली, झोप उडाली. विमानतळावरून तिने फोन केला तो आईला. ताईने मला गाठलं. मी तिला घ्यायला गेलो. इतकी वाळली होती की बॅग मलाच ढकलावी लागली. दोन तासांवरच्या गावात तिला खोली बघून दिली, एका चष्म्याच्या दुकानात तिला काम मिळालं. “यांना इतक्यात नको सांगायला,” ताई म्हणाली, “जरा सावरू दे पोरीला.” मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मला भावोजींसमोर उभं राहायची हिंमत नव्हती.

मग आमचं नाटक सुरू झालं. भाचीने तिकडची वेळ मोजून फोन करायचा. भरदुपारी म्हणायची, “इकडे आत्ता उजाडतंय, बाबा.” दोन महिने तिने कार्डाला हात लावला नाही, तर भावोजी छापखानाभर सांगत सुटले, “काटकसर शिकली बघा!” मीही हसलो त्यांच्याबरोबर. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तिसऱ्या महिन्यात खोलीचं भाडं भरायला तिने पैसे काढले. आम्ही फोनच्या वेळा जमवल्या होत्या, घड्याळं जमवली होती. शुल्काचा विचार तिघांपैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही.

उताऱ्यात आकडा आला तो गोल, आणि खाली शुल्काची ओळच नाही. दुसरा कुणी असता तर पैसे वाचले म्हणून गप्प बसला असता. भावोजी चूक दिसली की ती कुणाच्या फायद्याची आहे हे बघत नाहीत. अर्ध्या दिवसाची रजा टाकून बँकेत गेले.

“तुमचं शुल्क लावायचं राहिलंय,” त्यांनी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं.

तिने बघितलं. “राहिलं नाहीये काका. परदेशात काढले तरच शुल्क. हे इथलेच आहेत.” आणि त्या गावाचं नाव वाचलं.

भावोजींना वाटलं, कार्ड चोरीला गेलं. घाबरून तिथूनच लेकीला फोन लावला. “कार्ड कुठाय तुझं?”

“माझ्याजवळच आहे बाबा, हे काय, हातात,” ती म्हणाली. मग आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं, आणि बुडालेल्या परीक्षा, परत येणं, सगळं तिने सांगून टाकलं.

ते घरी गेले नाहीत. सरळ माझ्या बांधणीच्या टेबलाशी आले, उतारा समोर ठेवला.

“तुझ्या बहिणीला माहीत होतं?”

“हो.”

“आणि तुला?”

“मलाही.”

“नापास झाली म्हणून मी काय तिला टाकून दिलं असतं? तेहतीस वर्षं लोकांच्या चुका बघतोय मी. कधी कुणावर ओरडलो?” त्यांनी उताऱ्याची घडी घातली. “सगळ्यांनी मिळून वेड्यात काढलंत मला. ते घड्याळ बघून बोलायचो रे मी तिच्याशी.”

आठवड्याने ते पुन्हा आले, हातात पाकीट. जुनं कार्ड बंद करून त्यांनी तिच्यासाठी नवं काढलं होतं, देशातच वापरायचं, वर्षाचंही शुल्क नसलेलं. म्हणजे याही वेळी बसून सगळी पत्रकं वाचली होती.

“पत्ता तू लिही,” ते म्हणाले. “तुला पाठ असेल.”

मी लिहिला. चिकटवण्याआधी पाकिटात बोटं घालून पाहिलं. आत नुसतं कार्ड होतं.

“भावोजी, सूचना?”

ते जिन्याकडे वळले होते. “मला विचारून कोण काय करतंय,” म्हणाले, आणि वर निघून गेले.