नर्सबाईंचा दोन रकान्यांचा कागद

माझ्या पोटातल्या चौथ्याबद्दल अख्ख्या घराने मत दिलं होतं. मला सोडून.

ती मतं ज्या बाईने एका कागदावर गप्प केली, त्या आमच्या नर्सबाई आज सकाळी गेल्या.

मनोरमाबाई. चांदीप गावच्या. आमच्या उमेळ्यात नर्स म्हणून आल्या आणि नर्सबाईच राहिल्या. नाव कुणी घेतलंच नाही.

साल सत्याहत्तर असेल. आणीबाणी उठली होती, पण नसबंदीची धास्ती गेली नव्हती. नर्सबाईंची छत्री लांबून दिसली तरी गावातले बाप्ये केळीत शिरायचे.

मी सव्वीस वर्षांची. पदरात तीन. धाकटा अजून अंगावर पीत होता.

दिवस राहू नयेत म्हणून तांबी बसवली होती. तरी राहिलं.

मला नको होतं. कारणं शोधली तर खूप सापडतील. खरं सांगू? मी थकले होते.

नर्सबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "आता कायदा हाय. तांबी फसली, हे कारन त्यात लिवलेलं हाय. डॉक्टर तपासतील, सही तुजी."

"आणि ह्यांची?"

"त्यांची कशाला? पोट त्यांचं हाय काय?"

मी शहाणी. घरी येऊन ह्यांना सांगितलं. भिंतीपलीकडे सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ओट्यावर पार्लमेंट भरलं.

सासूबाई म्हणाल्या, पाप आहे.

चुलत सासरे भाऊकाका रोज पेपर वाचायचे, म्हणून घरातले वकील तेच. म्हणाले, "कायदा दिल्लीचा हाय. उमेळ्याला नाय लागू."

धाकटे दीर दिनूभावजी कॉलेजात होते. ते माझ्या बाजूने. म्हणजे मला आधी तसं वाटलं. मग त्यांनी उभं राहून भाषणच सुरू केलं. लोकसंख्या, लाल त्रिकोण, वहिनीने देशासाठी एवढं केलंच पाहिजे, वगैरे.

कुणी देवासाठी बोलत होतं, कुणी देशासाठी. हे तर केळीच्या घडाकडे बघत बसले होते.

मी आत चहा गाळत होते. हो, माझ्याच पोटाच्या मीटिंगचा चहा मीच केला.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. छत्री मिटली. सगळ्यांचं ऐकून घेतलं. चहा प्यायल्या. मग पिशवीतली वही काढून एक पान फाडलं आणि मधोमध रेघ मारली.

डावीकडे लिहिलं, 'ठेवलं तर'. उजवीकडे, 'नाही ठेवलं तर'.

डावीकडे खाली कामं. वर्षभर रात्री उठणे. लंगोट धुणे. उजवीकडेही कामं. दवाखान्यात सोबत. आठ दिवस तीन पोरं सांभाळणे. लोक बोलतील त्यांना उत्तर देणे.

"ज्याला मत हाय त्यानं आपल्या बाजूच्या कामाखाली सही करायची," नर्सबाई म्हणाल्या. "भाऊ, तुमचं ठेवायचं ना? लंगोट घेता की रात्र?"

भाऊकाकांना एकदम वाडीतला पंप आठवला. चालूच राहिलाय म्हणून लगबगीने गेले. त्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती.

"दिनू, तुजं नको ना? मग आठ दिवस तीन पोरं तुजी. धाकट्याची शी पन."

दिनूभावजींचं कॉलेजात प्रॅक्टिकल निघालं. रविवारी.

"मला सही येत नाय," सासूबाई म्हणाल्या.

"अंगठा चालतो, मावशी." नर्सबाईंनी शाईचा पॅड पुढे केला. सासूबाईंनी हात पदराखाली घेतला.

मग हे उठले. पेन घेतलं आणि डावीकडच्या प्रत्येक कामाखाली सही केली.

मला वाटलं, झालं.

मग त्यांनी उजवीकडच्या प्रत्येक कामाखालीही केली.

आणि येऊन दारात माझ्या शेजारी उभे राहिले. मला रडू आलं. आज टाइप करतानाही येतंय.

"आता एकीचं मत राह्यलं," नर्सबाई म्हणाल्या.

"नको," मी म्हटलं.

दोन दिवसांनी दवाखान्यात गेलो. हे आणि नर्सबाई, दोघं बरोबर होते.

परत आले तर चुलीवर पेज तयार. सासूबाईंनी वाटी पुढे केली. "मला नाय पटलं. मरेपर्यंत नाय पटनार. पी."

खरंच मरेपर्यंत नाही पटलं. पण माझी पोरं आठ दिवस त्यांनीच सांभाळली. देश वाचवणारे आठ दिवस मित्राकडे राहायला गेले होते.

(दिनूभावजी, तुम्ही हे वाचताय मला माहितेय. लाइक करून पळू नका.)

गेल्या आठवड्यात नर्सबाईंना बघायला नालासोपाऱ्याच्या हॉस्पिटलात गेले. नव्वदीला आलेल्या. कॉटभोवती मुलगा, सून, दोन पुतणे, आणि स्पीकरवर पुण्याचा भाचा. मशीनवर ठेवायचं की घरी न्यायचं, यावर जोरात चर्चा. भाचा पुण्याहून सगळ्यात जोरात.

नर्सबाई टक्क जाग्या. छताकडे बघत.

मी पर्समधून एक जुनी लग्नपत्रिका काढली. पाठीमागे मधोमध रेघ मारली. म्हटलं, "दोन्हीकडे कामं लिहा. ज्याला मत आहे त्याने खाली सही करायची."

भाच्याची रेंज गेली.

मुलाने मात्र पत्रिका माझ्या हातातून घेतली आणि लिहायला बसला. दोन्हीकडे.

नर्सबाई हसल्या. कवळी टेबलावर होती, तरी पोटभर हसल्या.

"आता एकीचं राह्यलं," मी म्हटलं.

"घरी," त्या म्हणाल्या. "चांदीपला."

आज सकाळी घरीच गेल्या. मुलाच्या हातचं पाणी पिऊन.

नर्सबाई, श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला जमत नाहीत. मला काय हवंय, हे आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही विचारलंत.

बरं, या आता.