मी तपासलं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, उत्तमला तर नाहीच. तुला सांगतो — मध्येच अडखळलो तर अडखळू दे.

उत्तम महागावकडच्या बंजारा तांड्यावरचा, मी यवतमाळच्या वकिलाचा मुलगा. कॉम्प्युटर त्याला मीच शिकवला, आणि हे त्याला कधी विसरू दिलं नाही. कापूस सारखा बुडत होता त्या वर्षांत आम्ही एका संस्थेसाठी शेतांची माहिती भरायचो. शेतकरी, त्याचं शेत, शेतातली विहीर, विहिरीतलं पाणी — एकाच्या पोटात दुसरं. ज्याच्याकडे विहीरच नाही त्याच्या विहिरीचं पाणी विचारलं, की प्रोग्राम जागीच कोसळायचा.

"विहीर नसनं गुन्हा हाये काय बे?" उत्तम चिडला होता. मग त्यानंच एक खूण शोधली. प्रश्नचिन्ह आणि टिंब, बस. मधलं काही नसलं तर उत्तर रिकामं घ्यायचं आणि पुढं चालायचं. आम्ही ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायचो, ती घडवणारी मंडळी जगभर विखुरलेली, वाद सगळा ईमेलवर. ही खूण भाषेतच घ्या, असं त्यानं तिथं सुचवलं.

मी तिथं जुना. माझीही एक सूचना पडून होती — लांबलचक, कुणी ढुंकूनही न पाहिलेली. याच्या खुणेवर मात्र रोज चर्चा. ही मान्य झाली तर तुला पगारावर घेऊ, असंही तिथल्या मुख्य माणसानं त्याला लिहिलं. पोटात दुखलं माझ्या. दुसरं काय?

मी लिहिलं — हे मी चालवून पाहिलंय, प्रोग्राम फार स्लो होतो.

पाहिलं नव्हतं. एकदाही नाही.

त्यांनी मानलं ते मानलं — पण उत्तमनंही मानलं! "तू तपासलं म्हंजे झालं. मंग वाद कायले घालाचा?" म्हणाला आणि आपणहून सूचना मागे घेतली. त्या हंगामात त्याच्या घरच्या कापसाची बोंडं किडली. तो तांड्यावर गेला तो गेलाच. आता महागाव-पुसद काळी-पिवळी जीप चालवतो. मी बसलो की पुढची सीट देतो, भाडं घेत नाही. सगळ्यांना सांगतो, हा माझा गुरू. ते ऐकताना काय होतं माझं, कुणाला सांगू?

परवा तीच खूण त्या भाषेत आली, दुसऱ्याच कुणाच्या नावानं. कुठूनसं कळून उत्तमचा फोन आला. आनंदानं ओरडत होता.

"आपली खून घेतली बे त्यायनं! ते स्लो व्हायचं निस्तरलं असन मंग, नाई?"

मी म्हटलं — हो, निस्तरलं.