बुरुंडीच्या रूममेटला विचारलेला प्रश्न

अमेरिकेत स्टेट कॉलेज गावी शिकताना माझा रूममेट बुरुंडीचा होता. एकदा कुकर लावल्यावर त्याने मला आपला देश सांगितला. आफ्रिकेच्या मध्यावर, एवढासा, टेकड्यांवर कॉफी, कडेला समुद्रासारखं सरोवर, सगळ्यांची भाषा एकच. पेपरात वाचलेल्या दोन जमाती आठवून मी विचारलं, "मग तू हुतू की तुत्सी?"

तो शांतपणे म्हणाला, "माझ्या भावाची बस अडवून हेच विचारलं होतं. तो परत आला नाही."

आडनावावरून माझी जात कळेना, तेव्हा मला घरी जेवायला बोलावणाऱ्या तिथल्याच एका मराठी काकांनी "मूळचे कुठले?" विचारलं होतं. त्या रागाने मी त्यांच्याकडे जाणंच सोडलं होतं. त्या काकांनी निदान जेवण होईपर्यंत दम धरला होता. आमचा कुकर अजून चढलेलाच होता.